अझैब्यातलं फ्रेंच मंडळ

मस्कतमध्ये एसीची जाळी दर शुक्रवारी धुवावी लागते. एक शुक्रवार चुकला की तिच्यावर इतकी धूळ बसते की बोटानं नाव लिहावं! त्या फ्रेंच मंडळाचे किस्से माझ्या डोक्यात असेच बसलेत, थरावर थर. आज तुम्ही विषय काढलाच आहे, तर झटकते. शिंका आल्या तर मला बोलू नका.

मी मूळची नागपूरची. मस्कतच्या एका भारतीय शाळेत फ्रेंच शिकवायचे. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. विमानतळ अजून जुनाच होता, आणि त्याच्या जवळ, अझैब्यात, मस्यू बर्त्राँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांचा व्हिला होता. हे कुठल्याशा कंपनीचे सल्लागार. सल्ला काय द्यायचे देव जाणे, पण वेळ भरपूर असायचा. त्या वेळात त्यांनी एक मंडळ काढलं. त्याचं फ्रेंच नाव चांगलं ओळभर लांब होतं. अर्थ असा, की जगात जिथे जिथे फ्रेंच बोलतात तिथल्या इतिहास-संस्कृतीच्या मित्रांचं वर्तुळ. अध्यक्ष मस्यू बर्त्राँ. निवडून कुणी दिलं? मस्यू बर्त्राँनी!

नियम एकच. दारातून आत आलं की इंग्रजी बंद. भाषणं चालू असताना डोक्यावरून विमान गेलं की मस्यू हात वर करून थांबायचे. विमान गेलं की पुन्हा त्याच शब्दापासून सुरू. एका विमानानं सुद्धा त्यांच्या वाक्यापासून कधी वाचवलं नाही आम्हाला.

*

पहिल्याच बैठकीला इब्राहिमा आला. सेनेगलचा, डाकारचा. मस्कतच्या गाला भागातल्या इंडस्ट्रियल एरियात माझा नवरा मिलिंद ज्या कंपनीत होता, तिथेच हा पाणी शुद्ध करण्याच्या प्लॅंटचा इंजिनिअर. उंच, शांत, कायम इस्त्रीचा शर्ट. शाळा फ्रेंचमध्ये, कॉलेज फ्रेंचमध्ये, बायकोशी भांडण फ्रेंचमध्ये.

त्यानं उठून स्वतःची ओळख करून दिली. अशी स्वच्छ, रेखीव भाषा की मी मनातल्या मनात माझ्या दहावीच्या वर्गाला ऐकवत होते.

मस्यू बर्त्राँ भारावले. त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "वा! तुमचं फ्रेंच खूपच छान आहे हो!"

इब्राहिमानं मान झुकवली. "आभारी आहे. तुमचंही बरं आहे. कुठे शिकलात?"

*

मग माझी पाळी. मी आडनाव सांगितलं. गजभिये.

मस्यूंनी ते कागदावर रोमन लिपीत लिहायला लावलं. बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं. आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून माझे सासरे उठून उभे राहिले असते. "गाझ्‌ब्ये! मादाम गाझ्‌ब्ये! हे तर आमच्या ब्रेताञ प्रांतातलं आडनाव दिसतंय. तुमचे यजमान फ्रेंच आहेत?"

यजमान म्हणजे मिलिंद बाहेर गाडीत बसून व्हॉट्सॲपवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते.

मी म्हटलं, "नाही हो. नागपूर."

"नागपूर," मस्यू विचारात पडले. "ते ब्रेताञच्या उत्तरेला की दक्षिणेला?"

मी म्हटलं, "मधोमध!" त्या दिवसापासून मंडळात मी अर्धी फ्रेंच धरली गेले. आणि खरं सांगू? मला त्यामुळे दोन बैठका जास्त मान मिळाला. मग मिलिंद एकदा आत आले आणि तो मान संपला.

*

मंडळात आमच्या एक मिसेस कारखानीस होत्या. आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणायचो. पुण्याच्या. यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर. वहिनी लग्नाआधी सहा महिने पॅरिसला राहिल्या होत्या आणि त्या सहा महिन्यांतून अजून परत आलेल्या नव्हत्या. साध्या पावालाही त्या नाकातून हाक मारायच्या. मस्यू म्हणायचे, "उच्चार असावा तर मादाम कारखानीसांसारखा!"

एका बैठकीला प्रत्येकानं आपापला पदार्थ आणायचा असं ठरलं. ट्युनिसची नादिया कुस्कुस घेऊन आली. ती एका नर्सरीत शिकवायची. कुस्कुस म्हणजे गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, वर मटणाचा रस्सा, गाजर, चणे. सकाळपासून खपली होती बिचारी.

मस्यूंनी झाकण उघडलं आणि जाहीर केलं, "मित्रांनो, हा बघा आमच्या फ्रान्सचा सर्वांत लाडका पदार्थ!"

वहिनींनी लगेच री ओढली. "हो ना! मी पहिल्यांदा पॅरिसलाच खाल्ला. ऑथेंटिक!"

नादिया वाढत होती. पळी तशीच हवेत धरून ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे फ्रेंच आमचा देश सोडून गेले, पण जाताना डबा भरून नेला बघ!"

*

इतिहासाचं व्याख्यान महिन्यातून एकदा असायचं. एकदा विषय होता, फ्रान्सनं जगाला दिलेलं शिक्षण. मस्यूंनी तासभर घेतला. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "आणि आफ्रिकेतल्या दूरच्या खेड्यातलं लेकरूसुद्धा आमच्याच मुलांसारखा तोच धडा वाचत असे!"

इब्राहिमा म्हणाला, "खरं आहे. माझ्या वडिलांनी वाचलाय."

मस्यू खूश. "सांगा ना, सांगा!"

त्यानं सांगितलं. वडील पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत असतील. फ्रेंच मास्तरांनी धडा पाठ करून घेतला. आपले पूर्वज गॉल, म्हणजे फ्रान्सचे प्राचीन रहिवासी होते. त्यांचे केस सोनेरी होते, डोळे निळे होते. पोरगं हुशार. घरी येऊन अंगणात उभं राहिलं आणि आईवडिलांना घडाघडा म्हणून दाखवलं. मग वोलोफमध्ये, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत, अर्थही सांगितला.

"आजीनं सगळं ऐकून घेतलं," इब्राहिमा म्हणाला. "मग हातातलं मुसळ खाली ठेवलं आणि आजोबांना विचारलं, सोनेरी केसांची? ही कुठली बायको केली होतीत? मला बोलला नाहीत!"

आम्ही हसून हसून लोळलो. मस्यू हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मला हळूच विचारलं, "म्हणजे आजोबांची दुसरी पत्नी युरोपियन होती का?"

*

व्हिलाच्या हॉलमध्ये भिंतीवर पितळी अक्षरांत तीन शब्द लावले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता. अर्थातच फ्रेंचमध्ये. चौदा जुलैला त्यांच्या राष्ट्रीय दिवसाची पार्टी. मिलिंदनाही बोलावलं होतं. बाहेर बेचाळीस डिग्री, आत चीज वितळायला आलेलं.

मस्यूंनी आम्हा दोघांना त्या भिंतीपुढे उभं केलं आणि तीन शब्दांचा अर्थ समजावायला घेतला. बालवाडीत फुलांची नावं सांगतात ना, तसा! मी मिलिंदसाठी मराठी करत होते.

मी म्हटलं, "मस्यू, हे तीन शब्द आम्हाला पाठ आहेत. आमच्या राज्यघटनेच्या सुरुवातीलाच आहेत."

"म्हणजे आमच्याकडून घेतलेत!" मस्यूंचा चेहरा उजळला.

"आमच्या घरी असं मानतात की ते बुद्धाकडून आलेत," मी म्हटलं.

मस्यू थबकले. चीजचा तुकडा तोंडाशी. वरून विमान गेलं. ते पूर्ण जाऊ दिलं आणि मग अगदी मनापासून विचारलं, "बुद्धांना फ्रेंच येत होतं?"

परत येताना गाडीत मिलिंद म्हणाले, "शेवटी काय म्हणत होता तो?" मी सांगितलं. त्यांनी राउंडअबाउटवरून गाडी वळवली. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला त्याला विचार. भिंतीवर समता लिवली, तर गोऱ्यायले सोफे आन् आपल्याले प्लास्टिकच्या खुर्च्या काहून?"

मी इतकी वर्षं जात होते. खुर्ची माझ्या लक्षातच आली नव्हती!

*

आता गोविंद सखारामचा किस्सा. हा मॉरिशसचा. मस्कतच्या एका हॉटेलात मॅनेजर. त्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. त्याला मराठी येते असं म्हणवत नाही आणि येत नाही असंही म्हणवत नाही. 'पाणी', 'भाकर', 'आये', 'उद्या येव' एवढे शब्द आणि सगळ्या आरत्या. बाकी घरी क्रिओल, म्हणजे तिथल्या मजुरांनी फ्रेंच वाकवून आपली केलेली भाषा.

कारखानीस वहिनींना ती क्रिओल म्हणजे कानात मुंगी गेल्यासारखी. "गोविंद, ते गावठी फ्रेंच इथे नको हं!" असं त्या लाडानं म्हणायच्या. लाडानं म्हटलं की अपमान होत नाही, असा त्यांचा समज.

गणपतीत वहिनींकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. गोविंदला बोलावलं, मस्यूंनाही. आरती सुरू झाली. आमची इंडियन स्कूलची पोरं मोबाईलमध्ये बघून इंग्रजी अक्षरांतून आरती वाचत होती. वहिनींची स्वतःची लेक दुसऱ्या कडव्याला गळाली. गोविंद मात्र डोळे मिटून, टाळ्यांच्या ठेक्यात, एकही शब्द न अडखळता शेवटपर्यंत. चाल जुनी, आपण विसरलो ती. माझ्या अंगावर काटा आला.

प्रसाद वाटताना वहिनी त्याला फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "किती गोड म्हटलंस! पण अर्थ कळतो का रे तुला काही?"

"नाही," गोविंद म्हणाला.

"मग अर्थ न कळता एवढं पाठ करायचं म्हणजे..." वहिनी मस्यूंकडे बघून हसल्या. मस्यू मोदक काट्यानं खात होते.

गोविंदनं हातातला मोदक संपवला. म्हणाला, "मादाम, माझे पणजोबा फ्रेंच मालकाच्या उसात हेच म्हणायचे. मालकालाही एक अक्षर कळायचं नाही. म्हणून तर म्हणायचे!"

*

मंडळाचा मोठा कार्यक्रम एकदाच झाला. एका हॉटेलचा हॉल, बाहेरचे पाहुणे, स्टेजवर सगळ्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांचे झेंडे. शेवटचा आयटम होता आफ्रिकेवरची कविता. मस्यूंनी स्वतः लिहिलेली. आफ्रिका त्यांनी विमानाच्या खिडकीतून पाहिली होती.

आमच्यात आफ्रिकेचे दोघे. इब्राहिमा आणि नादिया. तर कविता कुणी वाचावी? कारखानीस वहिनींनी! का? उच्चार!

"आणि इब्राहिमा, तू मागे बसून ढोल वाजव," मस्यू म्हणाले.

इब्राहिमा म्हणाला, "मला ढोल येत नाही."

"असं कसं? तुमच्या रक्तात असतो तो!"

"माझ्या रक्तात साखर आहे, डॉक्टर म्हणाले. ढोलाचं काही निघालं नाही. पंप येतो मला. पंप आणू?"

पण मस्यू ऐकेनात. ढोल भाड्यानं आलासुद्धा. मला वाटलं, इब्राहिमा येणारच नाही. आला! काळा सूट, टाय, चकचकीत बूट. स्टेजवर ढोलामागे खुर्चीत बसला, हाताची घडी घातली आणि कविता संपेपर्यंत तशीच ठेवली. पुढे वहिनी "ओ आफ्रिका, माते!" करून पदर सावरतायत आणि मागे हा माणूस ढोलाकडे अशा नजरेनं बघतोय जसं आपण दुसऱ्याच्या सामानाकडे बघतो. हॉलमध्ये चिडीचूप.

कविता संपली. टाळ्या! मस्यू धावत स्टेजवर गेले, इब्राहिमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवर म्हणाले, "ऐकलीत ना ती शांतता? अस्सल आफ्रिकन!"

नादिया त्या रात्रीनंतर मंडळात आली नाही. निरोप पाठवला, "खलास." गोविंदची बदली झाली. इब्राहिमा मात्र येत राहिला. मी एकदा विचारलं, "तू अजून का येतोस रे?" तर म्हणाला, "घरी टीव्ही बिघडलाय."

*

आता शेवटची सहल. त्यानंतर मंडळच राहिलं नाही.

मस्यूंनी कुठेतरी वाचलं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओमानमधल्याच सूर बंदरातल्या कित्येक अरबी गलबतांवर फ्रान्सचा झेंडा फडकायचा. झालं! त्यांना झोप येईना. ओमानच्या टोकाला, कुणी जबरदस्ती न करता, आमचा झेंडा! त्यांनी ओळखी काढून असं एक घराणं शोधलं, ज्यांची तेव्हा स्वतःची गलबतं होती, आणि एका शुक्रवारी आम्ही निघालो. मस्यू, वहिनी, इब्राहिमा आणि मी. वाटेत इब्रा गावच्या बाजारात वहिनींनी चांदीच्या खंजिराचा भाव केला आणि न घेता परत ठेवला. पुढे सूरपर्यंत मस्यू एकटेच बोलत होते.

घराण्यातले थोरले म्हणजे सालिम शेख. पंचाहत्तरीचे असतील. पांढरी दाढी, दोन इमारती, दारात लँड क्रूझर. समुद्राकडे उघडणाऱ्या बैठकीत आम्हाला बसवलं, स्वतःच्या हातानं काहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, ओतला, खजूर पुढे केले. तरुणपणी व्यापाराला मुंबईला येऊन-जाऊन असायचे, त्यामुळे हिंदी चांगली. मस्यूंना अरबी येत नव्हतं. तेव्हा ठरलं असं की मस्यू फ्रेंचमध्ये विचारणार, मी हिंदीत विचारणार, शेख हिंदीत सांगणार आणि मी फ्रेंच करणार. माझ्याशेजारी इब्राहिमा. गालाच्या साइटवर आपल्या लोकांत राहून तोही हिंदी चांगली बोलायला लागला होता. मस्यूंना याचा पत्ता नव्हता. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"यांच्या आजोबांना फ्रान्सबद्दल प्रेम होतं का?" मस्यूंचा पहिला प्रश्न.

"फ्रान्स?" शेख म्हणाले. "देखा नहीं उन्होंने."

"मग झेंडा का घेतला?"

"अंग्रेज का जहाज घूमता था दर्या में. सबको रोकता था, तलाशी लेता था. फ्रान्स का झंडा देखा तो हाथ नहीं लगाता था."

मी फ्रेंच केलं. मस्यूंनी वहिनींचा हात दाबला. "बघा! इंग्रज माणसाला अडवतात आणि आमचा झेंडा त्याला मोकळं सोडतो. हेच स्वातंत्र्य!" वहिनींनी डोळे टिपले. मस्यू पुढे सरकले. "विचारा, हा स्वतंत्र दर्यावर्दी गलबतात काय न्यायचा?"

"जाते वक्त खजूर," शेख म्हणाले. "नमक, सूखी मछली. उधर अफ्रिका तक."

"आणि येताना?"

"लकड़ी. लौंग."

"लवंग!" मस्यूंनी हवेत वास घेतला. "आणखी? आणखी काय?"

शेखांनी काहव्याची सुरई खाली ठेवली. एकदा इब्राहिमाकडे पाहिलं, मग गालिच्याकडे. आवाज खाली आला. "आदमी लाते थे, बेटी. औरत, बच्चे भी. बेचने के वास्ते. इसीलिए तो झंडा मंगता था. खराब काम था. मेरे बाप ने बंद किया. अल्लाह माफ करे."

वहिनी अजून डोळेच टिपत होत्या, तो खालचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही. बाहेर पोरं फुटबॉल खेळत होती, त्यांचा ओरडा तेवढा येत होता. मला वाक्य जुळवता येईना. सगळे शब्द मला येतात हो, मी ते पोरांना शिकवते. पण शेजारी इब्राहिमा बसलेला.

"काय म्हणाले?" मस्यू अधीर झाले. "मादाम गाझ्‌ब्ये, काय म्हणाले ते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात इब्राहिमानं माझ्या हातावर हात ठेवला. आपल्या त्या स्वच्छ, रेखीव फ्रेंचमध्ये म्हणाला, "प्रवासी. ते म्हणतात, येताना प्रवासी असायचे."

"प्रवासी! आफ्रिकेतून?"

"आफ्रिकेतून. बायका, मुलं, सगळे."

"आणि सगळे आमच्या झेंड्याखाली?"

"सगळे," इब्राहिमा म्हणाला. "एकालाही कुणी अडवलं नाही."

मस्यू बर्त्राँ उठून उभे राहिले. डोळे भरून आलेले, हात छातीवर. आणि त्या बैठकीत त्यांनी खणखणीत आवाजात आपलं राष्ट्रगीत सुरू केलं. वहिनी लगबगीनं उभ्या राहिल्या. पाहुण्याचा मान म्हणून म्हातारे सालिम शेखही गुडघ्यावर हात देत उठले.

इब्राहिमा बसून राहिला. त्यानं आपला कप पुढे केला आणि मला म्हणाला, "थोडा काहवा घाल."